डिसएम्बार्क : जहाजातून उतरायचं, पण कोणी आणि कसं?

फेब्रुवारी २०२० मध्ये एक जुनं इंग्रजी क्रियापद अचानक रोजच्या बातम्यांत आलं. जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे पर्यटकांचं जहाज ३,७११ माणसांसह अडकून पडलं होतं. त्यात आपल्याकडचे खलाशी आणि स्वयंपाकीही होते. किनारा समोर दिसतोय, पण करोनामुळे खाली पाऊल टाकायची परवानगी नाही. हे लोक ‘डिसएम्बार्क’ कधी करणार, हाच जगाचा प्रश्न होता.

मागच्या आठवड्यात ‘एम्बार्क’ पाहिला, म्हणजे जहाजावर चढणं. हा त्याचा उलटा भाऊ. दोघांच्या पोटात ‘बार्क’ म्हणजे नौका आहे, आणि दोघेही सोळाव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत आले. भावाभावांत एक फरक मात्र आहे. एखाद्या नव्या उद्योगाला हात घातला तरी ‘एम्बार्क ऑन’ चालतं. तो उद्योग अर्धवट सोडला तर ‘डिसएम्बार्क’ म्हणता येत नाही. तिथे पाण्यातलं जहाज किंवा विमान, गाडी असं खरंखुरं वाहनच लागतं. वाहनाचं नाव घ्यायचं तर मध्ये ‘फ्रॉम’ घाला. उतरवण्यासाठीही हेच क्रियापद चालतं. कप्तान प्रवाशांना ‘डिसएम्बार्क’ करतो, सैन्यही किनाऱ्यावर ‘डिसएम्बार्क’ केलं जातं. अमेरिकन लष्कराला ‘डीबार्क’ जवळचा, आणि विमानापुरता ‘डीप्लेन’ही आहे. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं तर भांडकुदळ प्रवाशाला सरळ ‘डीप्लेन’ करतात! मला तो शब्द कानाला कडू लागतो, पण रुळला आहे खरा.

या क्रियापदात एक शिस्त गृहीत धरलेली असते. जहाज थांबलंय, उतरायची सोय झालीय, कागदपत्रं तपासली जाताहेत. ही शिस्त मोडली की इंग्रजी शब्द बदलते. बुडत्या जहाजावरून निघायचं ते ‘अबँडन शिप’, आणि तो हुकूम कप्तानाने द्यायचा असतो. नोकरीचा करार मोडून एखादा खलाशी परक्या बंदरात गुपचूप नाहीसा झाला, तर त्याने ‘जंप शिप’ केलं. निवडणुकीआधी पक्ष बदलणाऱ्यांना हाच वाक्प्रचार लावतात. आपण तिथे बुडत्या जहाजातल्या उंदरांची आठवण काढतो.

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे पर्यटकांचं जहाज खडकावर आपटलं. ३२ जण गेले. कप्तान फ्रान्चेस्को स्केत्तिनो प्रवासी जहाजावर असतानाच लाइफबोटीत होता. आपण घसरून तिच्यात पडलो, असा त्याचा बचाव. न्यायालयाला तो पटला नाही आणि २०१५ मध्ये त्याला सोळा वर्षांची शिक्षा झाली. त्याने जे केलं त्याला ‘डिसएम्बार्क’ म्हणणं म्हणजे थट्टाच. उलट ‘डायमंड प्रिन्सेस’चा कप्तान जेन्नारो आर्मा, हाही इटालियन, सगळे उतरल्यावर १ मार्च २०२० ला शेवटी खाली आला. तिथे हे क्रियापद अगदी चपखल बसतं.

कोकणच्या किनाऱ्यावर बोटसेवा होती तेव्हा उतरणं एवढं ऐटीचं नव्हतं. कित्येक बंदरांत धक्काच नाही, म्हणून बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावात उतरवल्या जायच्या. ज्यांना बोट लागली असेल त्यांची त्या हेलकाव्यात काय गत होत असेल! ‘डिसएम्बार्क’च्या व्याख्येत हेही बसतं, फक्त कपडे भिजतात.

रत्नागिरी-रायगडच्या घरांतून जहाजावर गेलेल्या माणसाच्या तोंडी मात्र हे क्रियापद सहसा नसतं. तो ‘साइन ऑफ’ होतो, म्हणजे करार संपवून जहाज सोडतो. बंदरात चार तास फिरून येणं वेगळं, त्याला ‘शोअर लीव्ह’ म्हणतात. प्रवासी ‘डिसएम्बार्क’ झाला की मोकळा. खलाशाला आधी बदली माणूस लागतो. २०२० मध्ये नेमका तोच मिळेना. बंदरं, विमानं बंद पडल्यामुळे जगभरचे सुमारे चार लाख दर्यावर्दी करार संपूनही जहाजांवरच राहिले.

पुढच्या आठवड्यात ‘अलाइट’. लंडनच्या भुयारी रेल्वेत त्याचा अजून थाट आहे.