बातमीतले ‘अलेज’ कुणाच्या बाजूचे?

मुले इंग्रजी माध्यमात शिकू लागली, तसे मावळातल्या आपल्या घरांत इंग्रजी पेपरही वाचले जाऊ लागले. त्यात एक शब्द हमखास अडतो. ‘अलेज्ड’. रोजच्या बोलण्यात हे क्रियापद फारसे कुणी वापरत नाही. पण पोलीस-कोर्टाच्या बातमीत त्याच्यावाचून पान हालत नाही. मराठी पेपरांनी त्याचे ‘कथित’ केले. ‘कथित अत्याचार’ असे वाचले की आपली माणसे चिडतात. आम्ही काय खोटे बोलतो? राग समजण्यासारखा आहे. पण आधी शब्द नीट समजून घेऊ.

‘अलेज’ म्हणजे पुरावा पुढे येण्याआधी एखादी गोष्ट ठामपणे सांगणे, आरोप करणे. पूर्वी न्यायासनासमोर शपथेवर सांगणे असाही त्याचा अर्थ होता. आता शपथ गेली, आरोप राहिला. गुन्हा शाबित होईपर्यंत कायदा आरोपीला निर्दोष मानतो. शिवाय बदनामीच्या खटल्याची धास्ती असते. म्हणून वार्ताहर हा शब्द वापरतो, आणि ते योग्यच आहे. उद्या वस्तीतल्या एखाद्या पोराला नुसत्या संशयावरून उचलले, तर हाच शब्द त्याची अब्रू राखील.

चूक होते ती शब्द कशाला जोडला यात. आपल्या मावळचेच उदाहरण घ्या. 9 ऑगस्ट 2011 रोजी पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवडला नेणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्ध शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात एका महिलेसह तीन शेतकरी ठार झाले. गोळीबार खरा, तिघांचे मरण खरे. तिथे ‘कथित’ला जागा नाही. गोळीबाराची गरज होती का, दोष कुणाचा, हा वाद. ‘अलेज’ची जागा तिथे.

खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 रोजी एकाच कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. हत्या ‘कथित’ नव्हती. मारेकरी कोण, हा आरोप होता. 15 सप्टेंबर 2008 रोजी भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. 2010 मध्ये हायकोर्टाने फाशी रद्द केली, पण दोष कायम ठेवला. या आठ जणांपुढे आता ‘कथित’ लावण्याचे कारण नाही. ॲट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा मात्र कोर्टांनी मान्य केला नाही. म्हणून वार्ताहर तेवढा भाग आरोप म्हणूनच लिहितो. आपल्याला ते बोचते. पण ते बोचणे त्या निकालाचे आहे, शब्दाचे नव्हे.

दुसरी खोट अशी की ‘कथित’ म्हटले की सांगणारा माणूसच नाहीसा होतो. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेची वार्ताहरांसाठीची पुस्तिकाही बजावते की ‘अलेज’ जपून वापरा आणि आरोप कुणाचा ते सांगा. मराठीत तर त्याची सरळ वाट आहे: ‘फिर्यादीत म्हटले आहे’, ‘जखमीच्या आईने सांगितले’. सांगणारा समोर आला की वाचक स्वतः तोलून पाहतो.

तेव्हा अन्याय झाल्यास वार्ताहराला नुसता संताप सांगू नका. तारीख, वेळ, ठिकाण सांगा. डॉक्टरचा दाखला आणि एफआयआरची प्रत दाखवा. फिर्याद देणाऱ्याला ही प्रत विनामूल्य मिळते, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. एवढे हाती असताना वार्ताहराला घडलेल्या गोष्टीपुढे ‘कथित’ लावणे जड जाते.

आणि डोक्याला टाके पडलेल्या माणसाला पेपराने ‘कथित जखमी’ म्हटले, तर संपादकाला पत्र लिहा. चार ओळी पुरेत: जखम खरी आहे, ती कुणी केली एवढाच आरोप आहे, दुरुस्ती छापा.