लिंबाच्या रसात नांदणारी वस्ती

आमच्या सावेडीस घराचा पाया खणताना काळ्या मातीखाली चुनखडीचे पांढुरके खडे कित्येकदा लागतात. त्यांतल्या एखाद्यावर लिंबू पिळावे, म्हणजे बारीक फेस फसफसून उठतो आणि रसाचा आंबटपणा त्या चुन्यात जिरून जातो. आम्लाची मिजास आमच्या भूमीत फार काळ टिकत नाही.

परंतु गोंदियाच्या शेजारी, एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली असलेल्या बालाघाट मुलखात, मलाजखंड येथे हिंदुस्थान कॉपरची जी तांब्याची खाण १९८२ पासून चालू आहे, तिथला दगड निराळ्या जातीचा. वैद्यांच्या परिचयाचे सुवर्णमाक्षिक, म्हणजे तांबे, लोह व गंधक यांचे संयुग, हे तिथले मुख्य खनिज, आणि त्याच्या जोडीला लोहमाक्षिक. युगानुयुगे भूगर्भात निवांत पडलेला असा दगड फोडून उघड्यावर टाकला आणि त्याला पाऊसवारा लागला, की त्यातील गंधकाचे गंधकाम्ल होऊ लागते.

नुसत्या हवापाण्याच्या भरवशावर मात्र हे काम फार रेंगाळते. कारण दगड झपाट्याने खाणारे असते ते फेरिक लोह, आणि आंबट पाण्यात फेरस लोहाचे फेरिक होणे जवळजवळ खोळंबतेच. नेमका तिथेच जिवाणू कारभार हाती घेतात, आणि या रूपांतराचा वेग दहा लक्ष पटींहून अधिक वाढू शकतो, असे सिंगर व स्टम यांनी १९७० साली दाखविले. १९४७ साली कोल्मर व हिंकल यांनी वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणींच्या पाण्यात हे जिवाणू प्रथम ओळखले. त्यांतील प्रमुखाचे आजचे नाव, उच्चारताना धाप लागेल असे, ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स.

याला ऊन नको, साखर नको. लोह गंजवून मिळणाऱ्या ऊर्जेवर हवेतील कर्बवायू पचवून तो देह बांधतो. पण ही मिळकत इतकी तुटपुंजी, की चिमूटभर देहासाठी ढीगभर लोह गंजवावे लागते, आणि म्हणूनच खाणीचे पाणी वाहून नेणाऱ्या ओढ्याच्या तळाशी तांबूस गाळ साचतो. बाहेरच्या पाण्याचा सामू लिंबाच्या रसाइतका, दोनच्या आसपास. पेशीच्या आत मात्र तो साडेसहाच्या सुमारास! आवरणाचा बंदोबस्त कडक, आत घुसलेले आम्लकण सतत बाहेर हाकलण्याची वहिवाट अखंड. आम्लात राहणारा हा जीव स्वतः आंबट होत नाही, याचे मला सर्वांत अधिक कौतुक वाटते. आमच्या लोणारच्या खाऱ्या सरोवरातील सूक्ष्मजीव सामूच्या अगदी दुसऱ्या टोकाला, दहाच्या आसपास, संसार थाटून बसले आहेत.

या जिवाणूंची दगड विरघळविण्याची खोड माणसाने रोजगारालाही लावली: हलक्या प्रतीच्या खनिजाच्या ढिगांवर आम्लयुक्त पाणी शिंपून त्यांच्याकरवी तांबे उतरवून घेतात. आणि खाणीतून आपोआप वाहत निघालेले आम्लजल ओढ्यात सोडण्यापूर्वी त्यात मिसळतात तो बहुधा चुनाच.