गाडी चालवायला शाळेने शिकवावे का?

एखादी गोष्ट नीट शिकवली की ती अधिक चांगली करता येते, या विश्वासावर शिक्षणाचा सगळा डोलारा उभा आहे. तेव्हा मोटार चालवायला शाळेत शिकलेल्या मुलांच्या हातून अपघात कमी होणार, असे आपण सहज धरून चालतो. अमेरिकेतल्या सरकारी माध्यमिक शाळांनीही तसेच धरले होते. प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा मात्र उत्तर अनपेक्षित आले. ते कसे मिळाले, हे आपल्या वर्गातही सांगण्याजोगे आहे.

अमेरिकेच्या बहुतेक भागांत बस किंवा आगगाडीची सोय फारच तुटपुंजी आहे. शाळा, दुकान, सुट्टीतली नोकरी, सगळीकडे मोटारीनेच जावे लागते. बऱ्याच राज्यांत सोळाव्या वर्षी परवाना मिळू शकतो. त्यामुळे १९३४ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्टेट कॉलेज या गावच्या शाळेत एमॉस नेहार्ट यांनी वाहनचालनाचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि पुढच्या तीन-चार दशकांत तो देशभर पसरला.

सुरुवातीला त्याचे यश मोजण्याची रीत सोपी होती. अभ्यासक्रम घेतलेली मुले आणि न घेतलेली मुले यांच्या अपघातांची तुलना करायची. घेतलेल्यांचे अपघात कमी दिसत. पण यात एक खोट आहे. अभ्यासक्रम घ्यायचा की नाही, हे मुले आणि पालक स्वतःच ठरवत होते. जी मुले मुळातच सावध, ज्यांचे पालक जागरूक, तीच वर्गात येण्याची शक्यता अधिक. मग अपघात कमी झाले ते शिकवण्यामुळे, की मुलांच्या स्वभावामुळे? शिकवणीला जाणाऱ्या मुलांना अधिक गुण मिळाले, एवढ्यावरून श्रेय शिकवणीला देता येत नाही, तसेच हे.

ही अडचण टाळायची तर कोणी शिकायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागते. म्हणजे सावध आणि बेफिकीर मुले सर्व गटांत सारखीच विखुरली जातात. जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहरालगतच्या डिकॅल्ब काउंटीत १९७०च्या दशकाच्या अखेरीस असा मोठा प्रयोग झाला. सोळा हजारांहून अधिक विद्यार्थी तीन गटांत वाटले गेले. पहिल्या गटाला सुमारे सत्तर तासांचा, त्या काळी उत्तम समजला जाणारा अभ्यासक्रम मिळाला. त्यात वर्गातले पाठ होते, मोकळ्या मैदानावरचा सराव होता, रात्रीचे वाहनचालनही होते. दुसऱ्या गटाला परवान्यापुरते थोडक्यात शिकवले. तिसऱ्या गटाला शाळेने काहीच शिकवले नाही; त्यांनी घरी किंवा बाहेर शिकायचे होते.

१९८३ साली अहवाल आला. पूर्ण अभ्यासक्रम घेतलेल्या चालकांचे अपघात परवान्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत थोडे कमी होते. पण हा फरक पुढे टिकला नाही. १९८६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याच आकड्यांचे पुन्हा विश्लेषण केले, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. शाळेत शिकलेल्या मुलांना परवाने लवकर मिळाले होते, आणि सगळा गट मिळून पाहिला तर त्यांच्या वाट्याला अपघातही अधिक आले होते.

हे कसे शक्य आहे? फळ्यावर एक काल्पनिक उदाहरण मांडून पाहू. एका शाळेत अभ्यासक्रम आहे, दुसरीत नाही. दोन्हीकडे १००० मुले. पहिल्या शाळेतली ८०० मुले सोळाव्या वर्षीच परवाना काढतात, दुसरीतली फक्त ५००, बाकीची थांबतात. दुसऱ्या शाळेत दर १०० चालकांमागे वर्षाला १० अपघात होतात, म्हणजे एकूण ५०. पहिल्या शाळेतली मुले अधिक कुशल आहेत असे मानू. त्यांच्यात दर १०० चालकांमागे ९ अपघात. पण चालकच ८००, म्हणून एकूण अपघात ७२. प्रत्येक चालक थोडा सुधारला आणि तरीही गावातले अपघात वाढले. भागाकारात छेद कोणता घेतला, चालकांची संख्या की सगळ्या मुलांची, यावर निष्कर्ष उलटतो.

कनेक्टिकट राज्यात याची उलट बाजू दिसली. १९७६ साली राज्याने शाळांना या विषयासाठी दिले जाणारे पैसे बंद केले आणि काही गावांच्या शाळांनी विषयच काढून टाकला. लिऑन रॉबर्टसन यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की त्या गावांत सोळा-सतरा वर्षांच्या परवानाधारकांची संख्या घटली आणि त्या वयाच्या चालकांचे अपघातही घटले.

मग शिकवण्याचा परिणाम इतका थोडा का? शाळेत हात-पाय तयार होतात. गियर, ब्रेक, वळण जमते. पण बरेचसे अपघात कौशल्याच्या अभावी होत नाहीत, ते निर्णय चुकल्याने होतात. वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबायला सुमारे चौपट अंतर लागते, हे गणित मुलाला परीक्षेत येते. गाडीत तीन मित्र बसले असताना ते आठवेलच असे नाही. सोळा-सतरा वर्षांच्या चालकाबरोबर जितके अधिक सोबती, तितका त्याच्या मृत्यूचा धोका अधिक, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन आकडेवारीतून दिसले आहे.

यातूनच टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत पुढे आली. न्यूझीलंडने ती १९८७ साली आणली, अमेरिकेत फ्लोरिडाने १९९६ साली. आधी मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली सराव, मग रात्री चालवण्यावर आणि बरोबर कोणाला न्यायचे यावर बंधने असलेला परवाना, आणि शेवटी पूर्ण परवाना. या पद्धतीनंतर अगदी तरुण चालकांचे अपघात स्पष्टपणे घटले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नेब्रास्का राज्यातील सुमारे दीड लाख तरुण चालकांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अभ्यासक्रम घेतलेल्यांचे अपघात आणि नियमभंग कमी आढळले. मात्र तिथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, म्हणून जुनी शंका पुरती फिटत नाही. शिवाय शाळेने हा विषय सोडला की तो खाजगी प्रशिक्षकाकडे जातो. त्याची फी गरीब घराला परवडत नाही आणि ज्या मुलाला नोकरीसाठी गाडी लागते तेच मागे पडते.

म्हणून आम्हांला वाटते, शाळांनी हे शिकवायला हरकत नाही. पण अभ्यासक्रम पुरा केला म्हणून परवाना लवकर देऊ नये. आणि शाळेचे यश मोजताना किती मुलांना परवाने मिळाले हे न पाहता, गावातली किती मुले सुखरूप राहिली हे पाहावे.

आपल्याकडे मोटारीचा परवाना अठराव्या वर्षाआधी मिळत नाही, त्यामुळे अमेरिकेचे आकडे जसेच्या तसे इथे लागू पडणार नाहीत. तपासण्याची रीत मात्र लागू पडते. कोणत्याही उपक्रमाचे यश कानावर आले की मुलांना दोन प्रश्न विचारायला शिकवावे: तुलना कोणाशी केली? आणि भागाकार कशाने केला?