विश्लेषण : गाळ्यातला थिनर इतका चटकन पेट का घेतो?

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे भागांत लहान कारखान्यांचे गाळे एकमेकांना खेटून उभे आहेत. रंगकाम, फर्निचर, पिशव्या, चपला, काम कोणतेही असो, थिनर किंवा चिकटवायचे सोल्यूशन लागतेच. त्याचा गोडसर, उग्र वास अनेकदा टोल्यूइनचा असतो. टोल्यूइन हे वलयांकित हायड्रोकार्बन आहे.

वलयांकित म्हणजे काय?

कार्बनचे अणू साखळीत न राहता टोकाला टोक जोडून कडे करतात, तेव्हा वलय तयार होते. दहावीच्या पुस्तकातले सायक्लोहेक्झेन आणि बेंझिन हे दोघेही सहा कार्बनचे. पहिल्यात हायड्रोजनचे अणू बारा, दुसऱ्यात सहाच. दोन्ही ८०-८१ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतात, पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत आणि पाण्यापेक्षा हलके आहेत. स्वभाव मात्र वेगळा. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. म्हणूनच बीएस-६ पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवावे लागते. सायक्लोहेक्झेनपासून नायलॉनचा कच्चा माल बनतो. अर्नाळा, पाचूबंदरच्या कोळ्यांच्या हातातले नायलॉनचे जाळे याच घराण्यातले!

आगीचा धोका कुठे?

टोल्यूइन ११० अंशांवर उकळते, पण पेट घेण्याइतकी वाफ ते साधारण ४ अंशांनाच सोडू लागते. वसईत एवढी थंडी कधी पडतच नाही. म्हणजे डबा उघडा राहिला की धोका बाराही महिने. ही वाफ हवेच्या तिप्पट जड असते. ती जमिनीलगत पसरते, दाराखालून शेजारच्या गाळ्यात शिरते आणि तिथल्या वेल्डिंगच्या ठिणगीने पेटू शकते. हवेत तिचे प्रमाण सव्वा टक्का झाले तरी पुरते. छताजवळचा पंखा लावून काम भागत नाही. हवा खालून बाहेर काढावी लागते.

पालघर जिल्ह्याला या रसायनांचा मोठा अनुभव आहे. १७ ऑगस्ट २०२० रोजी तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात स्फोट होऊन दोन कामगारांचा मृत्यू झाला. तिथे डायसायक्लोपेंटाडाइन तयार होत असल्याचे त्यावेळी सांगण्यात आले होते. या रसायनात पाच कार्बनची वलये जोडीने असतात. वास कापरासारखा. ३३ अंशांच्या खाली ते गोठते, तर १५० अंशांच्या पुढे तापवले की जोडी तुटते. सुटलेला भाग जेमतेम ४१ अंशांवर उकळणारा! तो पुन्हा जोडला जाताना उष्णता बाहेर टाकतो. बंद भांड्यात ही उष्णता वेळीच काढली नाही, तर दाब चढत जातो.

घरात काय?

कपाटातल्या जुन्या पद्धतीच्या डांबरगोळ्या नॅप्थालिनच्या, म्हणजे दोन वलयांच्या. त्या वितळल्याशिवायच हवेत उडून जातात, म्हणून महिन्या-दोन महिन्यांत बारीक होतात. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी नॅप्थालिनच्या वाफेने फुटू शकतात. बाळंतविड्याचे कपडे अशा गोळ्यांत ठेवले असतील, तर ते धुऊन, उन्हात वाळवूनच बाळाला घालावेत.

थिनर पेटल्यास पाणी ओतू नये. तो पाण्यावर तरंगत आग पुढे नेतो. आग लहान असेल तर कोरडी वाळू, फोम किंवा ड्राय पावडरचे सिलिंडर वापरावे; मोठी असेल तर आधी बाहेर पडून १०१ किंवा ११२ ला फोन करावा.