काळ्या दगडातल्या उभ्या भिंती

डहाणू-तलासरीत सोनं, तांबं, शिसं निघत नाही. झरीच्या बाजूला जमिनीतून निघते ती खडी आणि मुरूम. तरीही खनिजाची शीर समजून घ्यायला हा मुलूख चांगला, कारण शीर म्हणजे मुळात भरून आलेली भेग, आणि भेगांना इथे तोटा नाही.

शिरांची पद्धतशीर वर्गवारी केली ती बोहेमियातल्या खाणगावात वैद्यकी करणाऱ्या आग्रिकोलाने. त्याचा ग्रंथ 1556 साली, मृत्यूनंतर काही महिन्यांनी छापला गेला. खोल उतरणारी, आडवी पसरणारी आणि एका जागी साठलेली, असे त्याचे तीन प्रकार. खाणकामगारांची भाषा मात्र ग्रंथाहून रोकडी. तिरप्या शिरेत उभे राहिल्यावर डोक्यावर येणारा खडक ती लटकती भिंत. कंदील तिथे टांगायचा. पाय रोवायचे ती पायभिंत. कामाचे ते धातुक, त्याच्यासोबत निमूट येणारे क्वार्ट्झ-कॅल्साईट ते मलखनिज. शिरेचा उतार ती नती. प्रस्तरभंगाने शीर तुटली की पुढचा तुकडा कुठे सरकला, हे शोधण्यातच खाणीचे नशीब ठरायचे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत क्वार्ट्झच्या शिरांमागे माणसे तीन किलोमीटरहून खोल गेली. 2001 साली ती खाण बंद पडली. आपल्या विदर्भातल्या मनसर-चिखल्याचे मँगनीज मात्र शिरांचे नव्हे, थरांचे. तिथल्या एका खडकाला भूशास्त्रज्ञ फर्मरने 1909 च्या अहवालात गोंडांवरून ‘गोंडाईट’ म्हटले.

इकडे पालघर जिल्ह्यातल्या काळ्या बेसाल्टचे वय साधारण साडेसहा कोटी वर्षे. लाव्हाचे थर थंडावले, त्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत कोमट पाण्याने झिओलाईट, कॅल्साईट, कॅल्सेडोनी भरले. संग्राहकांना ते प्रिय. धातू वितळवणाऱ्याच्या ते उपयोगाचे नाही. पुढे कवच ताणले गेले, उभ्या भेगा पडल्या आणि त्यांत शिलारस चढून गोठला. भूशास्त्रज्ञ याला भित्ती म्हणतात, इंग्रजीत डाइक. किनारपट्टीवर त्यांचा मोठा थवा आहे, बहुतेक उत्तर-दक्षिण पसरलेला. भोवतीच्या दगडापेक्षा भित्ती कठीण असेल तर झिजताना कण्यासारखी वर उरते, मऊ असेल तर तिथे घळ पडते. हीसुद्धा शीरच, फक्त भरण धातूचे नाही. मला ती खाणीतल्या शिरेहून जास्त रोचक वाटते, कारण तिचा व्यवहार पाण्याशी आहे.

अखंड, निबर भित्ती जमिनीखालचे पाणी अडवते. चढाच्या अंगाची विहीर मग टिकते, खालची आटते. तीच भेगाळलेली असली तर पाण्याला वाट देते. जिल्ह्यात कोकनेर, सातिवलीला उन्हाळे, म्हणजे गरम पाण्याचे झरे, आहेत. खोलवर तापलेले पाणी अशाच फटींतून वर येते. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी-तलासरी भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. त्यातले बहुतेक धक्के लहान आणि उथळ. काही अभ्यासकांनी भेगांत झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याशी त्यांचा संबंध जोडला आहे.

खाणीत शीर हरवली की तिला आडवा छेद देणारा बोगदा काढतात. विंधनविहिरीला ती सोय नाही. भित्तीही उभी, बोअरही उभी. भेगाळलेल्या भित्तीपासून दोन मीटर इकडेतिकडे झाले तर तळापर्यंत कोरडा दगडच. म्हणून पाणाड्याने नारळ फिरवण्याआधी उतारावरचा तो वेगळा दिसणारा दगडाचा पट्टा कुठून कुठे जातो, हे चालून पाहावे, आणि भित्ती अखंड असेल तर बोअर चढाच्या अंगाला घ्यावी.