कुलूप लावलेली बाग

वयाने वाढण्यासाठी मनुष्याला विशेष काही करावे लागत नाही. मनाने वाढावयाचे तर मात्र कष्ट लागतात, आणि खरे बोलणारा सोबतीही लागतो. हीच गोष्ट फ्रान्सिस हॉजसन बर्नेट या लेखिकेने ‘द सीक्रेट गार्डन’ या कादंबरीत जिव्हाळ्याने सांगितली आहे. ही कादंबरी १९११ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

कथेची नायिका मेरी ही हिंदुस्थानात जन्मलेली इंग्रज मुलगी. तिच्या घरी नोकरचाकरांना तोटा नव्हता. तिने मागावे आणि आयाने हजर करावे. तिने रागवावे आणि साऱ्यांनी मुकाट्याने ऐकावे! आज्ञा पाळणारे पुष्कळ होते, परंतु मैत्रीचे असे कोणीच नव्हते. पुढे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. आईवडील दगावले. त्या गोंधळात या मुलीची कोणालाही आठवण राहिली नाही. ओस पडलेल्या बंगल्यात ती एकटीच सापडली.

मग तिला इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात आतोबांकडे धाडण्यात आले. ते विस्तीर्ण माळरानाच्या कडेचे जुने घर. तेथील मार्था नावाच्या मोलकरणीला मेरीने सवयीप्रमाणे कपडे चढविण्याचा हुकूम केला. मार्थाला मोठे नवल वाटले. आपली चार वर्षांची बहीणसुद्धा हिच्याहून चलाख आहे, असे तिने स्पष्ट सांगितले. म्हाताऱ्या माळ्यानेही मेरीच्या तुसड्या स्वभावाची तिला जाणीव करून दिली. हे बोल कडू होते. पण ते मेरीला प्रथमच ऐकावयास मिळत होते. याच मार्थाच्या आईने, पदरी बारा मुले असताना, मेरीसाठी दोन पेनींची दोरीवरच्या उड्यांची दोरी विकत घेतली. सत्य आणि माया ही एकाच घरातून आली!

तेथे एक बाग दहा वर्षे कुलपात होती. मेरीला तिची किल्ली सापडली. मार्थाचा बारा वर्षांचा भाऊ डिकन मदतीला आला. वाळलेली दिसणारी एक फांदी त्याने चाकूने कापली आणि आतला हिरवा ओलावा मेरीला दाखविला. वरून शुष्क दिसणारे सारेच मेलेले नसते, हे ती शिकली. मग दोघे रोज खुरपू लागली.

त्याच घरात आतोबांचा मुलगा कॉलिन अंथरुणाला खिळून होता. आपल्या पाठीला कुबड येणार आणि आपण मरणार, असे त्याने मनाशी घेतले होते. त्याच्या आक्रस्ताळेपणापुढे सारे नोकर नमत. एका रात्री मेरीने मात्र त्याला खडसावले, त्याची पाठ उघडून पाहिली आणि तेथे कसलीही गाठ नाही, असे ठणकावून सांगितले. प्रत्येक आजार असा शब्दाने बरा होत नाही. परंतु कॉलिनला व्यंगाने नव्हे, तर भीतीने खिळविले होते. तिघेही बागेत रमले. तेथे कॉलिन प्रथम उभा राहिला, नंतर चालू लागला, आणि अखेर घरी परतलेल्या वडिलांसमोर धावत आला.

लेखिकेने दारिद्र्य स्वतः भोगले होते. १८४९ साली मँचेस्टरमध्ये तिचा जन्म झाला. लहानपणीच वडील वारले. १८६५ साली ते कुटुंब अमेरिकेत गेले, तरी ओढाताण सरली नाही. आपली गोष्ट मासिकाकडे धाडण्यासाठी लागणारा कागद व तिकिटे तिने रानद्राक्षांच्या विक्रीतून आलेल्या पैशांनी घेतली.

संकटामुळे कोणी आपोआप शहाणा होत नाही. संकटाने मेरी एकाकी झाली होती आणि कॉलिन हट्टी झाला होता. त्यांना सावरले ते मातीतल्या कामाने आणि निर्भीडपणे खरे सांगणाऱ्या मित्रांनी. आपल्या प्रत्येक शब्दाला मान डोलाविणारा तो मित्र नव्हे. आपल्यातला हिरवा ओलावा ओळखून आपल्याबरोबर कुदळ हाती घेतो, तोच खरा मित्र.