आतडं शांत, तरी तपासणी हवीच

घरात कोणाला शौचावाटे रक्त पडू लागलं, की पहिलं निदान बहुधा शेजारीच करतात : ‘मूळव्याध असेल’, नाही तर ‘आंव पडत असेल’. पुष्कळदा ते खरंही निघतं. परंतु काहींच्या मोठ्या आतड्याच्या अस्तरालाच सूज येऊन व्रण पडलेले असतात. डॉक्टर याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. हा विकार वर्षानुवर्षं राहतो. कधी उसळतो, कधी निवतो.

अशा आतड्यात कर्करोग उद्‌भवू शकतो, हे न्यूयॉर्कचे डॉ. क्रोन आणि डॉ. रोझेनबर्ग यांनी १९२५ सालीच नोंदवलं होतं. कारण समजायला अवघड नाही. जखम होते, भरते, पुन्हा होते. दर खेपेला नव्या पेशी घडवाव्या लागतात. हे काम अखंड चाललं, की एखाद्या वेळी घडण चुकते. म्हणून दाह किती भागात पसरला आणि किती वर्षं चालला, यावर धोका अवलंबून असतो. साधारणपणे त्रास सुरू झाल्यावर आठ वर्षांनी दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करतात आणि पुढेही ठरावीक अंतराने करीत राहतात.

आता, यात यकृताचा संबंध कुठे आला, असं आपण विचाराल. कोलायटिसच्या काही थोड्या रोग्यांत यकृतातलं पित्त वाहून नेणाऱ्या नळ्याही सुजतात, कठीण होतात आणि जागोजागी आवळल्या जातात. या विकाराचं नाव लांबलचक आहे : प्रायमरी स्क्लेरोसिंग कोलँजायटिस. थकवा येतो, अंगाला खाज सुटते, पुढे कावीळ दिसते. कित्येकदा मात्र रक्तातल्या अल्कलाइन फॉस्फटेजचा वाढलेला आकडा हीच पहिली खूण असते.

खरी फसगत पुढेच आहे. ज्याला हे दोन्ही विकार आहेत, त्याचं पोट पुष्कळदा फारसं कुरकुरत नाही. दाह सौम्य असतो आणि बहुधा आतड्याच्या उजव्या बाजूस अधिक असतो. रोग्याला वाटतं, आपण बरे आहोत. वस्तुतः नुसता कोलायटिस असलेल्यापेक्षा त्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका जवळजवळ चौपट असतो!

म्हणूनच इथे आठ वर्षांचा हिशेब लागू पडत नाही. पित्तनलिकांचा विकार ठरला, की पोटाची तक्रार नसली तरी लगेच कोलोनोस्कोपी करावी. आतड्यात दाह आढळला, तर ती दर वर्षी करावी. बिघाड पुष्कळदा सपाट असतो, नुसत्या नजरेला चुकतो. त्यासाठी निळा रंग फवारून अस्तर पाहतात आणि बारीक तुकडे काढून तपासतात. बिघाड कर्करोगापूर्वीच सापडला, तर तेवढा भाग, आणि गरज पडल्यास मोठं आतडंच, वेळेवर काढता येतं.

काहींना पुढे यकृताचं रोपण करावं लागतं. त्यानंतरही ही वार्षिक तपासणी सोडायची नाही. यकृत नवं आलं, तरी आतडं जुनंच असतं ना!

तेव्हा एवढं ध्यानात ठेवावं : यकृताच्या डॉक्टरांना आतड्याचे कागद दाखवावेत आणि आतड्याच्या डॉक्टरांना यकृताचे. बरं वाटतंय म्हणून औषध आपणहून बंद करू नये. आणि तपासणीची तारीख मात्र पोटाला विचारून ठरवू नये. ती दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.